मीठ, लोखंड आणि समुद्राच्या तळाचे सोने

पाण्याखालची कामे करणाऱ्या बोटीसाठी धातू निवडताना काय पाहावे?

मीठ स्टीलच्या डब्यात ठेवू नये, हे आपल्या आया-बहिणींना कोणत्याही इंजिनिअरने शिकवलेले नाही. तरी ते त्यांना पक्के ठाऊक आहे. ठेवलेच तर काही महिन्यांत डब्याच्या बुडाशी बारीक टिपके पडतात आणि एके दिवशी त्या टिपक्याचे भोक होते. म्हणून मीठ आणि लोणचे चिनी मातीच्या बरणीत. धातूशास्त्राचा हा पहिला धडा आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या शिकवला जात आहे.

आता समुद्र म्हणजे मिठाची केवढी मोठी बरणी! एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. या बरणीत बुडालेली जहाजे, नांगर, यंत्रे, माल वर काढण्याचे काम जगभर चालते. त्या कामाला लागणारी पुष्कळशी साधने दुकानात तयार मिळत नाहीत. बोटीच्या मापाने ती बनवून घ्यावी लागतात. मागच्या बाजूची उचलण्याची कमान, पाणबुड्याला खाली सोडण्याचा पिंजरा, शिडी, गाळ उपसण्याचा पाईप, पंख्याचे पाणी खाली वळवणारे कोपर, कप्प्या आणि कड्या, हे सारे कोणीतरी वेल्डर, कोणीतरी फिटर आपल्या हाताने घडवतो.

आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुले आय.टी.आय. करून हाच धंदा करतात. मुंबईत रे रोड, दारूखाना, माझगाव या पट्ट्यात, कळंबोलीच्या लोखंड बाजारात, तळोजा आणि भोसरीच्या कारखान्यांत त्यांचे हात चालतात. म्हणून हा विषय आम्ही आज मुद्दाम घेतला आहे. वर बोटीवर लोखंडाचा एक सांधा निखळला तर खाली पाण्यात असलेल्या माणसाचा जीव जातो. ज्याने सांधा केला आणि ज्याचा जीव गेला, ते दोघेही बहुधा कष्टकऱ्यांच्या घरचेच असतात.

मुंबईला न पोहोचलेले सोने

२० मे १९२२. लंडनहून मुंबईला निघालेले 'इजिप्त' नावाचे प्रवासी जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात सापडले. 'सेन' नावाच्या फ्रेंच मालवाहू जहाजाने त्याला धडक दिली आणि अवघ्या वीसेक मिनिटांत 'इजिप्त' बुडाले. जहाजावर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते. तळघरात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते.

जहाज सुमारे १३० मीटर खोल गेले. तेथे पाण्याचा दाब किती? दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १३ किलो. तळहाताएवढ्या, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरच्या जागेवर १३०० किलो! त्या काळी साध्या पोषाखातल्या पाणबुड्याला तेथे काम करणे अशक्य होते. इटलीच्या एका कंपनीने 'आर्टिल्यो' नावाच्या बोटीवरून १९३० साली ते जहाज शोधून काढले आणि वेगळी युक्ती केली. माणूस आत उभा राहू शकेल अशी पोलादी कोठी बनवली, तिला जाड काचेच्या खिडक्या बसवल्या आणि ती खाली सोडली. आतला माणूस टेलिफोनवरून सांगायचा, "थोडे डावीकडे, आता खाली," आणि वरची माणसे पोलादी पंजा त्याप्रमाणे हलवायची. याच रीतीने जून १९३२ मध्ये पहिले सोने वर आले आणि १९३५ पर्यंत बहुतेक खजिना निघाला.

परंतु या यशाआधी मोठी किंमत मोजावी लागली. डिसेंबर १९३० मध्ये पहिल्या महायुद्धातले दारूगोळ्याचे एक बुडालेले जहाज फोडताना स्फोट होऊन 'आर्टिल्यो' बोटच नष्ट झाली. मुख्य पाणबुडे अल्बेर्तो जानी यांच्यासह अनेक जण त्यात गेले. पुढचे काम दुसऱ्या बोटीने पूर्ण केले.

मुंबईकरांना याहून जवळचे उदाहरण म्हणजे व्हिक्टोरिया गोदीतला स्फोट. तारीख वाचकांच्या लक्षात राहणारी आहे: १४ एप्रिल १९४४. 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर कापूस आणि सुमारे १४०० टन स्फोटके एकत्र भरली होती. आग लागली, जहाज उडाले, आजूबाजूची जहाजे बुडाली, शेकडो माणसे मेली. जहाजावरच्या सोन्याच्या विटा दूरवर फेकल्या गेल्या. पुढे पुष्कळ वर्षांनी गोदीतला गाळ काढतानाही त्यातल्या काही विटा सापडल्या.

समुद्रानेच घेतलेली परीक्षा

कोणता धातू समुद्रात टिकतो? याची परीक्षा समुद्राने आधीच घेऊन ठेवली आहे. स्पेनचे 'आतोचा' हे जहाज सप्टेंबर १६२२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाजवळ वादळात बुडाले. मेल फिशर या माणसाने सोळा-सतरा वर्षे त्याचा शोध घेतला. १९७५ साली त्याच्या मुलाला तेथे कांस्याच्या, म्हणजे तांबे आणि कथिलाच्या तोफा सापडल्या. साडेतीनशे वर्षांनंतरही त्या ओळखू येण्यासारख्या होत्या. मुख्य खजिना २० जुलै १९८५ रोजी मिळाला. अशा जहाजांवरचे सोने जसेच्या तसे पिवळे निघते. चांदी काळी पडते. लोखंडावर मात्र चुना, वाळू आणि गंजाचा असा थर चढतो की आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही.

फिशरच्या माणसांनी वापरलेले एक साधन आमच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. बोटीच्या मागे, पंख्याच्या समोर, बिजागरीवर मोठ्या नळीचे कोपर बसवायचे. चार बाजूंना नांगर टाकून बोट जागच्या जागी बांधायची आणि इंजिन चालू करायचे. पंख्याने मागे फेकलेले पाणी कोपरातून थेट खाली जाते आणि तळाची वाळू उडून खड्डा पडतो. आकारावरून त्याला तिकडे 'टपालपेटी' म्हणतात. जुन्या वस्तूंची मूळ मांडणी यामुळे उधळली जाते, असा पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. पण धातूच्या निवडीचा हिशेब समजून घ्यायला हे कोपर उत्तम उदाहरण आहे.

ते लोखंडाचे करावे, स्टेनलेसचे की ॲल्युमिनियमचे? एकेक पाहू.

साधे लोखंड: गरिबाचा सोबती

ज्याला आपण एम.एस. म्हणतो ते साधे पोलाद पाण्यात गंजते, म्हणून पुष्कळ जण नाक मुरडतात. आम्ही त्याची बाजू घेणार आहोत. ते स्वस्त आहे, कोठेही मिळते, साध्या वेल्डिंग मशीनवर जोडता येते. जादा भार आला तर ते तुटण्याआधी वाकते, म्हणजे माणसाला इशारा देते. तुटलेच तर कोणत्याही बंदरात दुरुस्त होते.

गंजाचा हिशेब कारकुनी पद्धतीने करू. कायम पाण्याखाली असलेले उघडे पोलाद एका बाजूने वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजते. दोन्ही बाजू धरल्या तर ०.२. सहा मिलिमीटरची प्लेट पाच वर्षांत एक मिलिमीटर कमी होईल. म्हणजे पाच वर्षांच्या कामासाठी एक मिलिमीटर जाड प्लेट घेतली की निम्मी चिंता मिटली. मात्र जेथे लाट आपटते, ओले-कोरडे होत राहते, तेथे गंज कितीतरी पट वेगाने चढतो. तेथे रंगाला पर्याय नाही. रंगापूर्वी वाळूच्या माऱ्याने पत्रा पांढरा होईपर्यंत साफ करावा, मग जस्तयुक्त प्रायमर आणि वर इपॉक्सी. गंजावर रंग मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे.

दुसरा उपाय जस्ताचा मुलामा, म्हणजे गॅल्व्हनाइझिंग. सुमारे ४५० अंश तापलेल्या वितळलेल्या जस्तात जॉब बुडवतात. येथे एक धोका प्रत्येक फॅब्रिकेटरने लक्षात ठेवावा. पाईपची दोन्ही तोंडे बंद करून वेल्डिंग केले असेल आणि हवा जाण्यासाठी भोक ठेवले नसेल, तर आतली हवा आणि ओल तापून पाईप त्या कुंडातच फुटू शकतो. एका भोकाच्या आळसापायी उकळते जस्त माणसांच्या अंगावर उडते.

स्टेनलेस: दिसते तसे नसते

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण स्टेनलेसला तंतोतंत लागू पडते. त्याचा चकचकीतपणा एका अदृश्य पापुद्र्यामुळे असतो. धातूतले क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून हा पापुद्रा बनवते. ओरखडा पडला तर तो पुन्हा बनतो. पण त्यासाठी प्राणवायू लागतो. बोल्टच्या डोक्याखाली, रबरी वॉशरखाली, शिंपल्याखाली, चिखलात प्राणवायू पोहोचत नाही आणि मीठ मात्र साचत राहते. तेथे पापुद्रा फाटतो, खाच पडते आणि ती आत आत खोदत जाते. वरून बोल्ट आरशासारखा. काढून पाहावा तर मान बारीक झालेली! मिठाच्या डब्याची हीच कथा.

बाजारात सर्वांत जास्त मिळते ते ३०४ जातीचे, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. समुद्राच्या कामाला निदान ३१६ हवे. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, ते खाचा पडू देत नाही. पण तेही पूर्ण अभय देत नाही. वेल्डिंग करायचे असेल तर ३१६ एल मागावे. त्यात कार्बन कमी असल्याने सांध्याच्या कडेला धातू कमकुवत होत नाही. पुष्कळ जण लोहचुंबक लावून पारख करतात. चुंबकाने ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही, दोन्हींना ते सहसा चिकटत नाही. पारख करायची तर मॉलिब्डेनम तपासण्याचे रासायनिक थेंब मिळतात, ते वापरावेत.

आणखी दोन गोष्टी. साध्या लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरची चकती स्टेनलेसवर चालवू नये. लोखंडाचे कण रुततात आणि आठवड्यात तांबडे डाग उमटतात. तसेच स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळला तर आटे एकमेकांत जाम होतात. योग्य पेस्ट लावल्याशिवाय फिरवू नये.

म्हणून आमचे मत असे: डेकवर, हवेत, सतत धुतले जाणाऱ्या कठड्यांना स्टेनलेस उत्तम. कायम पाण्याखाली, अंधाऱ्या फटीत त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये.

ॲल्युमिनियम: हलके, पण मिजाशी

आता कोपराकडे वळू. समजा नळीचा व्यास एक मीटर आणि लांबी अडीच मीटर आहे. पत्र्याचे क्षेत्रफळ सुमारे ७.८५ चौरस मीटर. सहा मिलिमीटर पोलादात त्याचे वजन होते सुमारे ३७० किलो. ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या एकतृतीयांश, पण ताठपणाही एकतृतीयांशच. तेवढाच ताठ पत्रा हवा तर जाडी नऊ मिलिमीटर घ्यावी लागेल. तरी वजन भरते सुमारे १९० किलो. दोन पंख्यांच्या बोटीला दोन कोपरे लागतात: पोलादाची ७४०, ॲल्युमिनियमची ३८०. फरक ३६० किलो, म्हणजे बोटीच्या मागच्या कडेवर कायम उभी असलेली पाच-सहा माणसे! आणि कोपर वर उचलले की हेच वजन उंचीवर जाते.

लहान बोटीत हा हिशेब जिवाचा असतो. कांस्य तोफा सापडल्यानंतर काही दिवसांतच, जुलै १९७५ मध्ये, फिशरच्या मुलाची बोट रात्री नांगरावर असताना कलंडली. तो, त्याची पत्नी आणि एक पाणबुडा असे तिघे बुडाले. समतोलाची खात्री नसलेल्या बोटीवर एक किलोही वाढवू नये. म्हणून लहान बोटीला ॲल्युमिनियम आणि मोठ्या जड बोटीला साधे पोलाद, असा साधा नियम धरावा.

मात्र ॲल्युमिनियम म्हणजे पातेल्याचा पत्रा नव्हे. समुद्रासाठी ५०८३ किंवा ५०८६ या जाती घ्याव्यात, त्यांत मॅग्नेशियम असते. ६०६१ पाईपला चांगली, पण वेल्डिंगजवळ तिची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटते. तेवढे धरूनच माप ठरवावे. विमानाच्या भंगारातले ॲल्युमिनियम घेऊ नये. त्यात बहुधा तांबे किंवा जस्त मिसळलेले असते आणि समुद्र ते फस्त करतो. याला आर्गॉन वायूचे वेल्डिंग लागते आणि तापले तरी ते लाल होत नाही, एकदम ओघळते. शिकाऊ हाताचे हे काम नाही. बोटीच्या बुडाला लावतात तो तांब्याचा रंगही यावर चालत नाही.

पितळ आणि कासे यांत गफलत नको

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. समुद्राच्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे गुलाबी, स्पंजासारखे तांबे उरते. आकार तोच, ताकद शून्य. हातोडीने टक टक केले तर भुगा पडतो. म्हणून पाण्याखालच्या व्हॉल्व्हला, पिनेला बाजारचे पितळ नको. गनमेटल किंवा निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ घ्यावे. महाग आहे, पण बुश आणि पिनेला लागते तरी किती?

आणि कधी कधी धातूच नको! गाळ उपसण्याच्या पाईपमध्ये तळाशी दाबाची हवा सोडतात. बुडबुडे वर चढताना पाणी आणि गाळ ओढून आणतात. हा पाईप पी.व्ही.सी.चा असला तरी काम भागते. हलका, स्वस्त आणि गंजाचे नाव नाही.

दोन धातूंचे भांडण

वेगवेगळे दोन धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की त्यांची बॅटरी तयार होते. त्यातला एक धातू झिजतो, दुसरा वाचतो. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली 'अलार्म' या जहाजाच्या लाकडी बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनी पाहतात तो, तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेलेले! जेथे पत्र्याच्या बांधणीचा कागद मध्ये चुकून राहिला होता, तेथले खिळे मात्र शाबूत. म्हणजे रोगही कळला आणि औषधही.

औषध पहिले: दोन धातूंच्या मध्ये नायलॉनचे वॉशर आणि नळी घालून त्यांना वेगळे ठेवा. दुसरे: लहान भाग दुबळ्या धातूचा असू नये. मोठ्या स्टेनलेस प्लेटला ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारले तर ते काही दिवसांत संपतात. तिसरे: झिजायलाच एक धातू द्या. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली दाखवलेली ही रीत आजही चालते. पोलादाला जस्ताचा ठोकळा जोडतात. जस्त झिजते, पोलाद वाचते. हा ठोकळा थेट धातूला भिडलेला असावा, त्यावर रंग मारू नये आणि निम्मा झिजला की बदलावा. रंगवलेले जस्त म्हणजे दाराशी बांधलेला झोपाळू राखणदार.

उचलण्याचा हिशेब

एक टनाचा लोखंडी नांगर समुद्राच्या पाण्यात सुमारे ८७० किलो भरतो. पाण्याबाहेर येताच पुन्हा पूर्ण हजार. तो चिखलात रुतलेला असेल तर चिखलाची ओढ वेगळी, आणि लाटेने बोट वर उचलली की बसणारा हिसका वेगळा. म्हणून "एक टन उचलायचे आहे, एक टनाची कडी द्या" हा हिशेब चुकीचा.

उचलण्याच्या साखळीतली कडी, हुक, शॅकल कधीही घरी घडवू नये. ज्यावर भारक्षमतेचा शिक्का आहे तेच घ्यावे. शिक्का नसलेले चकचकीत शॅकल दोरी बांधायला ठीक, माणसाच्या डोक्यावर भार लटकवायला नव्हे. शॅकलला वेल्डिंगचा टाकाही मारू नये. पीन फिरू नये म्हणून तार बांधावी. १२.९ सारखे फार कडक बोल्टही पाण्याखाली जस्ताच्या जोडीने वापरू नयेत. त्यांत हायड्रोजन शिरतो आणि ते न वाकता, इशारा न देता तडकतात.

हात टिकले तर काम टिकेल

धातूची काळजी घेतली, माणसाची कोण घेणार? जस्त चढवलेल्या पाईपवर तसेच वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आधी जस्त घासून काढावे. स्टेनलेसच्या धुरातले क्रोमियम कर्करोगाला कारण होते. आर्गॉनला वास नसतो. बंद टाकीत तो साचला तर आतला माणूस न कळत गुदमरतो, म्हणून बाहेर एक सोबती हवाच. दूध आणि गूळ खाल्ल्याने धूर निघून जातो, ही समजूत चुकीची आहे. दूध-गूळ खुशाल खावे, पण धूर ओढणारा पंखा आणि योग्य मास्क यांची जागा ते घेऊ शकत नाहीत. मालकाकडे पंखा आणि मास्क मागणे ही भीक नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे.

शेवटी, काम घेताना आणि देताना चार प्रश्न विचारा. हे साधन पाण्याखाली किती दिवस राहणार? मोडले तर दुरुस्ती कोठे होणार? त्याला कोणता दुसरा धातू भिडणार? आणि त्याच्याखाली माणूस असणार का? उत्तरे कागदावर लिहा. धातूची जात बिलावर लिहून घ्या, तपासणीचा दाखला मागा आणि त्यावरचा हीट नंबर प्लेटवरच्या नंबराशी जुळवा. ३१६ सांगून ३०४ देणारे भेटतात; कागद नसेल तर दोष वेल्डरच्या माथी येतो.

आपली मुले हा धंदा करतात, तेव्हा त्यांनी "साहेबांनी सांगितले तसे केले" एवढ्यावर थांबू नये. हे लोखंड कोणते, ते येथे का, हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. जो विचारतो तो हळूहळू मिस्त्री होतो आणि उद्या स्वतःचे वर्कशॉप काढतो. घरी मीठ कोणत्या बरणीत ठेवायचे हे ज्या आईने त्याला दाखवले, तिने त्याच्या शिक्षणाचा पाया कधीच घातला आहे.